मुलीला समुद्री जीवांच्या संवर्धनात पीएचडी करायचीय, नाशकात बसून काय सल्ला द्यावा?

बागाईतदार (रविवार, रात्री ९:४०)
नमस्कार मंडळी. मी ओझरजवळचा, द्राक्षबाग आहे. इथे वाचतो जास्त, लिहितो कमी. मुलगी यंदा एमएस्सी प्राणिशास्त्र झाली, नाशकातच. आता म्हणते समुद्री जीवांच्या संवर्धनात रिसर्च करायचा, पीएचडी करायची. आमच्या घरात डॉक्टरेट तर सोडाच, पदवीच्या पुढे कोणी गेलेलं नाही आणि समुद्र म्हणाल तर गणपतीपुळ्याला दर्शनाला गेलो तेव्हा पाय भिजवले तेवढाच. तिची आई म्हणते बीएड कर, मामा म्हणतो वनखात्याची परीक्षा दे, मी मधल्या मधे. मला नाही म्हणायचं नाहीये पण हो म्हणायच्या आधी चार गोष्टी कळल्या पाहिजेत. किती वर्षं जातात, त्या काळात पैसे मिळतात का घरूनच घालायचे, पुढे नोकरी काय, आणि जिथे समुद्र नाही तिथल्या पोरीला त्या क्षेत्रात कोणी उभं करतं का. पोहायला येत नाही तिला हेही सांगून टाकतो. परदेशाचंही काढलंय, त्याचे आकडे ऐकून घाम फुटला. जाणकारांनी सविस्तर लिहा, ऑक्टोबर छाटणी सुरू झाली की मला डोकं वर काढायला वेळ नसतो.

टवाळ_कार्टं (९:४८)
काका गंगापूर धरणापासून सुरुवात करा. पावसाळ्यात लाटा येतात.

पापलेटप्रेमी (९:५५)
नाशकात समुद्राचा अभ्यास रविवारी सकाळी मासळीवाल्यापुढेच होतो. बर्फातलं पापलेट किती दिवसांचं ते ओळखलं की पदवी मिळाली समजा :)

सिडकोवासी (१०:०२)
हसण्यावारी नेऊ नका रे, माणूस मनापासून विचारतोय. काका, इथे एक ताई आहेत खारं_वारं नावाच्या, त्यांनी हेच केलंय आणि त्या आमच्याच सिडकोतल्या. त्यांना हाक मारतो.

खारं_वारं (रात्री ११:३०)
आले आले. काका, सिडकोतली मी, वडील अंबडला कंपनीत होते, समुद्र पहिल्यांदा नीट बघितला तो एमएस्सीच्या सहलीत. त्यामुळे तुमचा शेवटचा प्रश्न आधी संपवते: हो, उभं करतात. मुलाखतीत गाव विचारतात ते फक्त चहा येईपर्यंत बोलायला.

वर्षं. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे पीएचडीला कमीत कमी ३ आणि जास्तीत जास्त ६ वर्षं, मुलींना त्यावर आणखी २ वर्षांची सवलत मिळू शकते. कागदावर ३ असलं तरी फिल्डवर्कवाल्या विषयात तीन वर्षांत कोणी सुटलेलं मी पाहिलं नाही, पाच धरून चाला. कारण समुद्राचं कॅलेंडर आपलं ऐकत नाही. आपल्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, त्याच्या पुढेमागे खवळलेला समुद्र, कासवांची अंडी हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत. एक हंगाम हुकला की डायरेक्ट पुढचं वर्ष.

पैसे. सीएसआयआरची नेट परीक्षा देऊन जेआरएफ (म्हणजे सुरुवातीची संशोधन फेलोशिप) मिळाली तर पहिली दोन वर्षं महिना ३७,००० आणि पुढे एसआरएफला, म्हणजे तिच्या वरच्या पायरीला, ४२,०००, घरभाडं वेगळं. आपल्या राज्यात सारथी, महाज्योती, बार्टी यांच्याही संशोधन फेलोशिप आहेत, कोणत्या प्रवर्गात बसता त्यावर. म्हणजे घरून घालायचे पैसे फार नाहीत, पण फेलोशिप दर महिन्याच्या एक तारखेला येते असं समजू नका, चार-सहा महिन्यांची गाठोडी एकदम येते. तेवढा दम घरच्यांनी धरायला लागतो.

आणि एक सांगते, आत्ता लगेच पीएचडीला नाव घालू नका. आधी वर्षभर कुठल्यातरी प्रकल्पावर प्रोजेक्ट असिस्टंट म्हणून जाऊ दे. जाहिराती गोव्याच्या एनआयओच्या (समुद्रविज्ञान संस्था), कोचीच्या सीएमएफआरआयच्या (सागरी मत्स्य संशोधन संस्था), डेहराडूनच्या वन्यजीव संस्थेच्या साइटवर सतत येतात. वासाने, उलटीने, कंटाळ्याने परत यायचं असेल तर त्या वर्षात येईल, पीएचडीच्या तिसऱ्या वर्षी नाही.

निफाडकर (सोमवार, सकाळी ७:१५)
ताईंनी छान लिहिलं पण दुसरी बाजू कोणीतरी सांगायला पाहिजे. मी यातूनच आलोय. चांगल्या संस्थेत लागलो होतो, नाव घेत नाही. गाइड दोन वर्षांत निवृत्त झाले, नवीन गाइडने विषय फिरवला, वनखात्याची परवानगी यायला एक अख्खा हंगाम गेला, तोवर फेलोशिप अडकलेली. शेवटी सोडून आलो, आता नाशकात द्राक्षावर उरलेले औषधाचे अंश तपासणाऱ्या लॅबमध्ये आहे, पगार वेळेवर, संध्याकाळी घरी. काका तुमच्या बागेचे नमुने कदाचित मीच तपासत असेन. संवर्धनात नोकऱ्या किती आहेत ते विचारा आधी. एनजीओत सहा महिन्यांची, वर्षाची कंत्राटं. सरकारी जागा निघतात तेव्हा दोन जागांना दोनशे अर्ज.

खारं_वारं (८:०५)
@निफाडकर, नोकरीचं खरंय, ते नाकारत नाही. पण गाइड कधी निवृत्त होणार हे आधी बघता येतं ना? गाइड निवडताना त्यांच्या सध्याच्या आणि जुन्या विद्यार्थ्यांना फोन करायचा. किती वर्षं लागली, पेपरवर पहिलं नाव कोणाचं लागलं, सोडून कितीजण गेले. संस्था मोठी आणि गाइड वाईट यापेक्षा उलटं केव्हाही परवडलं. नोकऱ्यांचं म्हणाल तर वनखात्याचा मॅन्ग्रोव्ह सेल (कांदळवन कक्ष) २०१२ ला सुरू झाला त्याआधी राज्यात या कामाला वेगळं ऑफिसच नव्हतं. आता मॅन्ग्रोव्ह फाउंडेशन आहे, ऐरोलीचं केंद्र आहे, कासवांची, कांदळवनांची कामं आहेत. भरमसाट जागा नाहीत, पण आमच्या वेळेपेक्षा खूप बऱ्या.

पाटलीणबाई (९:२०)
भाऊ, मी पण मुलीची आई आहे म्हणून विचारते, पहाटे बंदरावर, बोटीवर सगळे पुरुष, मुलगी एकटी. सुरक्षित आहे का हे? आणि सहा वर्षं म्हणजे लग्नाचं काय?

टवाळ_कार्टं (९:२६)
लग्न: समुद्राशी. सोयरीक: मुशीशी (छोट्या शार्कशी). पत्रिका जुळते, दोघांनाही खारट आवडतं.

खारं_वारं (९:४१)
पाटलीणबाई, बंदरावर बायका पुरुषांपेक्षा जास्त दिसतील तुम्हाला. लिलावात बोली लावणाऱ्या, मासे निवडणाऱ्या, हिशोब ठेवणाऱ्या सगळ्या बायकाच. मला पहिला आधार त्यांचाच मिळाला. बोटीवर रात्रभर जायचं असेल तर दोघींनी जायचं, तांडेल (बोटीचा प्रमुख) ओळखीचा हवा आणि किनाऱ्यावर कोणाला तरी बोटीचं नाव सांगून जायचं, हे साधे नियम. काही ठिकाणी बाई बोटीवर नको म्हणतात, तिथे वाद घालत बसायचं नाही, बंदरावरूनच माहिती घ्यायची. लग्नाचं मी काय सांगू, माझं चौथ्या वर्षी झालं, नवरा अजून आहे.

डॉ_शंखशिंपले (दुपारी १२:१०)
मी नाशकातल्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवून निवृत्त झालो. गंमत सांगतो. आमच्या पिढीत बीएस्सीच्या प्रॅक्टिकलला स्कोलिओडॉन असायचा. हातभर लांबीची मुशी, फॉर्मलिनच्या डब्यात मुंबईहून यायची, डोळ्यांतून पाणी काढत आम्ही तिच्या मेंदूच्या नसा उकलायचो. नाशिकच्या शेकडो पोरांनी शार्क आतून पाहिला, जिवंत एकानेही पाहिला नाही! पुढे यूजीसीने चिरफाड बंद केली ते योग्यच झालं. तेव्हा समुद्रापासून लांब असल्याचा बाऊ नको. आणि लांब तरी कुठे? त्र्यंबकला उगम पावलेली गोदावरी १,४६५ किलोमीटर वाहून आंध्रात काकीनाड्याजवळ समुद्राला मिळते, तिथे कोरिंगाचं कांदळवन उभं आहे ते याच नदीच्या गाळावर. वाटेत जायकवाडी, पुढे आणखी धरणं, खाली राजमहेंद्रीजवळ दवलेश्वरमचा बंधारा. गाळ वरच अडकतो म्हणून त्रिभुज प्रदेशाला पुरेसा मिळत नाही. हा विषय समुद्राचाच आहे आणि त्याचं एक टोक रामकुंडावर आहे. मुलीला घराजवळून सुरुवात करायची तर नांदूरमधमेश्वर आहे, २०२० साली राज्यातलं पहिलं रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) ठरलं. पक्षी मोजायला, नोंदी ठेवायला, पाण्याचे नमुने घ्यायला शिकायचं तर त्याहून चांगली जागा नाही.

सिडकोवासी (१२:३५)
सर रामकुंडाचा विषय काढलात म्हणून, २०२७ चा कुंभ आलाय तोंडावर. जे निर्माल्य, पिशव्या आणि शाम्पूच्या पुड्या आपण सोडणार ते सगळं कोरिंगाला पोचतं का?

डॉ_शंखशिंपले (१२:५०)
सगळं नाही पोचत. बरंच काठाला, बंधाऱ्यांना, जायकवाडीच्या तळाला अडकतं. पण पुरात जे हलतं ते कुठवर जातं हा मोजायचा प्रश्न आहे, मत द्यायचा नाही. करा कोणीतरी.

निफाडकर (दुपारी १:०५)
सर, आणि तो मोजायला परवानगी तीन राज्यांची घ्या. शुभेच्छा.

बागाईतदार (संध्याकाळी ७:५०)
सगळ्यांचे आभार, एवढं कोणी लिहील वाटलं नव्हतं. पाच वर्षांचं ऐकून घाबरलो नाही, द्राक्षाची नवी बाग लावली की मांडव, रोपं, ठिबक सगळा खर्च आधी आणि माल मागून, त्याची सवय आहे आम्हाला. पण आता एक शंका, कासवांवर आधीच इतकं काम झालंय म्हणतात मग हिने नवीन काय करायचं? तिला कासवं आवडतात. आणि परदेशाचं कोणी बोललंच नाही.

ओझरची_मुशी (८:२०)
नमस्कार. मी ती मुलगी. बाबा, मला कासवं आवडतात असं तुम्ही तीन वर्षांपासून सगळ्यांना सांगताय कारण मी एकदा वेळासच्या कासव महोत्सवाला गेले होते :) कासवं गोड आहेत पण मला काम करायचंय ते शार्क आणि पाकटांवर (शार्कच्याच नात्यातले चपटे मासे). मासेमारीत जाळ्यात न मागता सापडतात, त्यांची नोंद नीट होत नाही. मुशीच्या वर्गातले बरेच मासे उशिरा वयात येतात आणि पिल्लं मोजकीच देतात, म्हणजे एकदा कमी झाले की भरून यायला वेळ लागतो. एमएस्सीच्या प्रोजेक्टला मी सातपाटीला जाऊन थोडी मोजणी केली होती, त्यातूनच डोक्यात बसलंय. माझा प्रश्न बाबांपेक्षा वेगळा आहे. विषय मत्स्यशास्त्राकडून घ्यावा की वन्यजीवांकडून? दोन्हीकडचे लोक एकमेकांशी बोलत नाहीत असं वाटलं.

टवाळ_कार्टं (८:२३)
काका, पकडले गेलात. आणि ताई तुमची सोयरीक मी सकाळीच ठरवून टाकली होती.

सिडकोवासी (८:२५)
धागा आता रंगला. बसा रे सगळे.

खारं_वारं (रात्री १०:४५)
@ओझरची_मुशी, प्रश्न अगदी बरोबर पकडलास. मत्स्यशास्त्रवाला विचारतो किती धरता येईल, वन्यजीववाला विचारतो किती उरलेत, मासा तोच. वर्सोव्याच्या सीआयएफईत (मत्स्यशिक्षण संस्थेत) गेलीस तर साठ्याचा अभ्यास, जाळ्यांचं तंत्र पक्कं होईल, तिथला रस्ता आयसीएआरच्या (कृषी संशोधन परिषदेच्या) परीक्षेतून जातो आणि काही शाखांना बीएफएस्सी, म्हणजे मत्स्यशास्त्राची पदवी लागते तेव्हा जाहिरात शब्द न् शब्द वाच. वन्यजीवांकडून गेलीस तर कायदा, आकडेशास्त्र, माणसांशी बोलायच्या पद्धती. व्हेल शार्कला २००१ मध्ये संरक्षण मिळालं, वन्यजीव कायद्याच्या २०२२ च्या दुरुस्तीने शार्क-पाकटांच्या आणखी जाती यादीत आल्या, त्यामुळे आता बंदरावर मासा ओळखणारं माणूस दोन्हीकडे लागतंय. मी म्हणेन की गाइड एका बाजूचा घे आणि समितीत दुसऱ्या बाजूचा एक माणूस मागून घे.

बंदरावरचं काम कसं असतं ते तू थोडं पाहिलंयस पण बाबांसाठी लिहिते. रत्नागिरीच्या मिरकरवाड्याला पहाटे पोचायचं. ट्रॉलर लागला की क्रेट खाली येतात, लिलाव सुरू होतो, आणि मुशी क्रेटमधून फरशीवर ओतल्यापासून गिऱ्हाइकाच्या टोपलीत जाईपर्यंत तुझ्याकडे जेमतेम काही मिनिटं. शेपटीच्या टोकापर्यंत टेप लावायची, उलटी करून पोटाखालच्या परांजवळ दोन दांड्या आहेत का बघायचं, असल्या तर नर, दांड्या कडक झाल्या असतील तर वयात आलेला. मग जाळं कुठलं, किती वाव खोलीवर, बोट कुठल्या दिशेला गेलेली. हे सगळं पाटीवर पेन्सिलने, कारण पेन ओल्या हाताने चालत नाही. मागून बर्फाची गाडी, पुढून बाई ओरडते सरक गं. बोनीच्या आधी कॅमेरा काढायचा नाही, पहिला सौदा होऊ द्यायचा. सुरुवातीला सगळे विचारतात सरकारी माणूस का? पाच-सहा फेऱ्यांनंतर एक काकी वेगळं दिसलेलं पाकट माझ्यासाठी बाजूला ठेवायला लागल्या, वर म्हणायच्या मापून झालं की दे परत, विकायचंय.

घरी आल्यावर वास जात नाही. लिंबू, बेसन सगळं करून झालंय.

मालवणी_खाजं (मंगळवार, सकाळी ६:५०)
सगळा वाचलंय. आमी पिढीजात रापणवाले (किनाऱ्यावरून जाळं ओढणारे), बापाशीची होडी होती, मी आता मालवणात पर्यटनात आसंय. राग मानू नका पण थोडं खरं बोलतो. १९८७ साली मालवणला सागरी अभयारण्य जाहीर झालं, एकोणतीस चौरस किलोमीटरचं, तेव्हा मच्छीमाराक कोणी विचारला? त्यामुळे संवर्धन शब्द ऐकला की आमच्याकडे लोकांच्या कपाळाला आठी पडते. संशोधक येतात, गोड बोलून माहिती नेतात, पीएचडी होते, परत कोणी येत नाही. खरं नुकसान कोण करतंय ते आमी वर्षानुवर्षं सांगतोय, पर्ससीनची मोठी घेराची जाळी टाकणारे आणि रात्री एलईडी दिवे लावून मासे मारणारे. त्यावर बंधनं आहेत ती कागदावर. बाळा ओझरचे, तू मुशी मोजशील त्या आमच्या जाळ्यातल्या, पण दिव्यांच्या बोटीवर तुका कोण घेणार?

ओझरची_मुशी (७:४०)
काका राग कशाला. हा मुद्दा मला प्रस्तावात घ्यायला लागेल. मोजणी फक्त जिथे मला उभं राहू देतात तिथलीच झाली तर आकडा एका बाजूला झुकणार हे बरोबर आहे. परत येण्याचं म्हणाल तर सातपाटीला मी रिझल्ट मराठीत एका पानावर छापून सोसायटीत लावला होता. खाली कोणीतरी पेनाने लिहिलं "मुशी महाग का झाली ते पण सांगा".

मालवणी_खाजं (७:५५)
हाऽऽऽ, तो माणूस हुशार आसा.

खारं_वारं (८:३०)
मालवणी दादांचं म्हणणं मला मान्य आहे, फक्त सगळंच चित्र तसं नाही. डिसेंबर २०१८ पासून राज्यात योजना आहे, संरक्षित जात जाळ्यात आली आणि जाळं कापून ती सोडली तर पुरावा दाखवून २५,००० रुपयांपर्यंत भरपाई मिळते. त्यात मच्छीमारांनीच काढलेले फोटो येतात. कासव, व्हेल शार्क सोडल्याच्या त्या नोंदी म्हणजे संशोधकाला न मिळणारी माहिती आहे. वेळासचंही तसंच, २००२ च्या आसपास चिपळूणच्या संस्थेने गावकऱ्यांना घेऊन काम सुरू केलं, अंडी चोरणाऱ्यांच्या गावात लोक घरटी राखायला लागले, ते पीएचडीवाल्यांनी केलेलं नाही.

@बागाईतदार काका, कासवांवर काम संपलंय असं मात्र नाही हो. ओडिशात २०२१ मध्ये पंखाला टॅग लावलेली एक ऑलिव्ह रिडले २०२५ च्या जानेवारीत गुहागरला अंडी घालताना सापडली. पूर्व किनारा आणि पश्चिम किनारा वेगळे धरून चाललेल्यांची मोठी पंचाईत झाली. अजून पुष्कळ बाकी आहे.

जव्हारमार्गे (१०:१०)
नाशिकला जवळचा समुद्र डहाणूचा, त्र्यंबक-जव्हारवरून उतरलं की आलाच. तिथे जखमी कासवांवर उपचाराचं केंद्र पण आहे. पण वाढवणचं बंदर होतंय तिथे ७६ हजार कोटींचं, मग कुठली कासवं आणि कुठलं संवर्धन. संवर्धनवाले तेव्हा गप्प का?

पापलेटप्रेमी (१०:१८)
बंदर झालं तर नाशिकचा कांदा-द्राक्ष तिथूनच जाईल, त्याचा फायदा शेतकऱ्यालाच. प्रत्येक गोष्टीला विरोध करून चालत नाही.

जव्हारमार्गे (१०:२१)
फायदा तुमचा, डोल जाळं लावणाऱ्या माणसाने बोंबील कुठे धरायचा ते सांगा मग

पापलेटप्रेमी (१०:२४)
माझ्या नावावरून कळत नाही का मला माशांचं किती प्रेम आहे ते

व्यवस्थापक (१०:४०)
बंदराच्या वादावर आधीच दोन धागे वाहतायत, तिकडे जा. इथे पोरीच्या शिक्षणाचं बोला.

टाऊन्सविल_ते_त्र्यंबक (दुपारी २:३०)
उशिरा आलो, इकडे वेळ वेगळी. मूळचा त्र्यंबकचा, सध्या ऑस्ट्रेलियात टाऊन्सविलला, जेम्स कुक युनिव्हर्सिटीत. परदेशाचं कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो.

काका, बाहेर तीन वेगवेगळी दुकानं आहेत आणि एजंट तिन्हींवर एकच पाटी लावतात. एक, वर्ग भरणारी मास्टर्स, ज्याची फी भरायची असते आणि ज्याने तुम्हाला घाम फुटला. दोन, रिसर्चची मास्टर्स, ब्रिटनमध्ये एमआरेस म्हणतात, साधारण एक वर्षाची, आमच्याकडे एमफिल. तीन, पीएचडी. तुमची मुलगी एमएस्सी झालेली आहे, पहिलीच्या वाटेला जायची गरज नाही. आणि पीएचडी स्वतःच्या पैशाने करायची नसते, हे भिंतीवर लिहून ठेवा. फी माफ आणि राहण्याखाण्याची स्कॉलरशिप मिळत असेल तरच यायचं, नाहीतर तो गाइड किंवा ती युनिव्हर्सिटी तुम्हाला गिऱ्हाईक समजतेय. युरोपात कित्येक ठिकाणी पीएचडी म्हणजे रीतसर पगारी नोकरी असते.

मास्टर्सच करायची हौस असेल तर युरोपची आयएमबीआरसी आहे, दोन वर्षांची, वेगवेगळ्या देशांत शिकायचं, इरास्मस मुंडसची स्कॉलरशिप लागली तर महिना १४०० युरो मिळतात. आपल्या मॅन्ग्रोव्ह फाउंडेशनचीही सागरी विषयांत परदेशी शिकायला शिष्यवृत्ती आहे, जाहिरातीवर लक्ष ठेवा.

प्राध्यापकाला मेल लिहिताना "रिस्पेक्टेड सर, आय ॲम हार्डवर्किंग" नको. त्यांचा एक पेपर वाचून त्यातला एक प्रश्न विचारायचा, स्वतःकडे कुठली माहिती आहे ते सांगायचं. सातपाटीची मोजणी, तो मराठी कागद, हे मेलमध्ये टाक. इथे आलेल्या मुलांपैकी बऱ्याच जणांनी बंदरावर पाऊल ठेवलेलं नसतं.

पोहण्याचं: मुशी मोजायला पोहायला लागत नाही. पण समुद्राशी काम म्हणजे एक दिवस बोटीतून पडणारच, तेव्हा शिक. त्र्यंबक रोडच्या सावरकर तरणतलावात मी शिकलो. डायव्हिंग पुढचं, हवंच वाटलं तर तारकर्लीला एमटीडीसीची स्कूबाची संस्था आहे, पावसाळा संपल्यावर.

निफाडकर (दुपारी ३:१०)
हे बाकी पटलं. मी त्यात एक घालतो, आर नावाचं आकडेमोडीचं सॉफ्टवेअर शिकायला आजच बस. ते फुकट आहे, नकाशांचं क्यूजीआयएस पण फुकट. बंदरावर जेवढा वेळ जातो त्याच्या दुप्पट-तिप्पट वेळ घरी तक्ता साफ करण्यात जातो, एकाच मुशीला चार जणांनी चार नावं दिलेली असतात. मी ज्या नोकरीत आहे ती मला त्या आकडेमोडीवरच मिळाली, माशांवर नाही. म्हणजे मागे वळायची वेळ आलीच तर हातात काहीतरी राहतं.

खारं_वारं (३:२५)
@निफाडकर, कालपेक्षा मवाळ झालात तुम्ही.

निफाडकर (३:३१)
कंत्राटाचं म्हटलेलं मागे घेतलेलं नाही. नेट आधी द्या, जेआरएफ नसेल तर गाइडच्या मेहेरबानीवर राहायला लागतं, हे माझं अजूनही ठाम आहे. आता पीएचडीच्या प्रवेशाला नेटचेच मार्क धरतात बऱ्याच विद्यापीठांत, त्यामुळे तसंही सुटका नाही.

पाटलीणबाई (५:००)
बीएड पण करून ठेवलेलं काय वाईट आहे पण? हातात असलेलं बरं.

ओझरची_मुशी (५:१२)
काकू, आई तुम्हीच आहात का? :)

बागाईतदार (बुधवार, रात्री ९:१५)
सगळं दोनदा वाचलं, तिच्या आईला मोठ्याने वाचून दाखवलं. (पाटलीणबाई म्हणजे ती नाही, तिला टाइप करायचा कंटाळा आहे.) ठरलंय ते असं. डिसेंबरची नेट द्यायची. तोवर प्रोजेक्ट असिस्टंटच्या जाहिरातींना अर्ज, दोन गोव्याला आणि एक कोचीला करून झाले. पीएचडीचं नाव वर्षभर काढायचं नाही, परदेशाचं स्कॉलरशिप लागली तरच. तरणतलावाचा फॉर्म मी स्वतः आणणार आहे. मामाला सांगून टाकलं की वनखात्यात जाण्यापेक्षा वनखात्याची परवानगी काढणं अवघड आहे, तो गप्प बसला.

मला फक्त एक विचारायचंय, नाशिकरोडवरून मंगला एक्सप्रेस रत्नागिरीला रात्री-अपरात्री पोचते का? आणि मडगावला उतरून गोव्यातली ती संस्था किती लांब?

खारं_वारं (९:३०)
मंगला सोयीची आहे काका, नाशिकरोडला बसा, रत्नागिरी, मडगाव, थेट एर्नाकुलमपर्यंत (कोचीच), म्हणजे तुमचे तिन्ही अर्ज एकाच गाडीवर. पण पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रक वेगळं असतं, तिकीट काढताना तारखेची वेळ बघा. संस्था पणजीला दोनापावलाला आहे, मडगावहून बसने पणजी, तिथून पुन्हा बस. पहिल्यांदा तुम्ही सोबत जा, पण मुलाखतीला आत जाऊ नका.

मालवणी_खाजं (९:५०)
आणि ओझरचे, रत्नागिरीक ईलंस की पुढे मालवणाक ये. माझ्या चुलत्याचो ट्रॉलर आसा, त्येका मी सांगतंय. लाइटवाल्यांचा पण एक जण ओळखीचा आहे, बोलून बघूया, वचन देत नाही.

ओझरची_मुशी (९:५८)
नक्की येते. दोघी येऊ, माझी मैत्रीण पण आहे.

टवाळ_कार्टं (१०:०५)
मालवणला चाललाच आहात तर मोरीचं (मुशीचं) मटण खाऊन या आणि इथे रेसिपी टाका. तिखट, वाटप जास्त.

मालवणी_खाजं (१०:०९)
आये करता आमची, एक नंबर. घरीच जेवा.

ओझरची_मुशी (१०:११)
जेवते काका. पण मोरी कुठली आणणार त्याचा चिरायच्या आधी फोटो पाठवा, खालून-वरून दोन्ही. यादीतली निघाली तर वरणभात.